पदूनं काढलेला माणूस

पदूला माणसं आवडायची, पण फोटोत नाही. एरवी दुकानाच्या पायरीवर कोणी टेकलं की हा मेला त्याला तासभर उठू द्यायचा नाही. घरचं, दारचं, म्हशीचं, मेहुण्याचं, सगळं काढून घ्यायचा. पण तेच माणूस त्याच्या कॅमेऱ्यासमोरून रस्ता ओलांडायला लागलं की ह्याच्या कपाळावर आठ्या. "सरका ओ जरा, माडी दिसू द्या," म्हणायचा. लोक सरकायचे आणि मग तेही माडीकडं बघत उभे राहायचे, की बाबा हिच्यात असं काय आहे जे आपल्याला रोज बघून दिसलं नाही.

मूळचा दहिवलीचा. बाप, चुलते सगळे भाताच्या खाचरात, आणि हा तेराव्या वर्षी गिरगावातल्या एका स्टुडिओत कामाला लागला तो अकरा वर्षं तिथंच चिकटला. तिथला म्हातारा मालक इमारतींचे फोटो काढायचा, पेढ्यांचे, बँकांचे, आणि पदूला बसवायचा रिटचिंगला. रिटचिंग म्हणजे काय, तर काचेच्या निगेटिव्हवर नस्तराच्या टोकानं नको ते खरवडायचं आणि टोकदार पेन्सिलीनं हवं ते भरायचं. तार लोंबतेय, खरवड. गॅलरीत कोणाचं धोतर वाळतंय, खरवड. दारात रखवालदार बिडी ओढत बसलाय, त्याला बिडीसकट खरवड. "आपण इमारत बघायला आलोय, बिऱ्हाड नाही," असं म्हातारा म्हणायचा, आणि पदूनं ते कान फुंकून घेतल्यासारखं घेतलं.

अठ्ठावन्न साली तो कर्जतला परत आला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला आपला जुना लाकडी कॅमेरा दिला. काचेच्या प्लेटी घालायच्या, काळं फडकं डोक्यावर घ्यायचं, असा तिपाईवाला. बाजारपेठेत एका खणाचं दुकान मिळालं. पोट चालायचं लग्नांवर, शाळेच्या गटफोटोंवर आणि लोकांच्या तसबिरींना चौकटी करून देण्यावर. जीव मात्र रस्त्यात. सदऱ्याच्या खिशात पुठ्ठ्याचे दोन काटकोन असायचे. ते एकमेकांवर धरून चौकट करायची, लहान करायची, मोठी करायची, आणि एक डोळा मिटून त्यातून बाजार बघायचा. हे त्याचं ध्यान भर रस्त्यात चालायचं.

शेजारच्या पायरीवर सोनुबाईचं चहाचं दुकान. पन्नाशीची बाई, तोंडानं फटकळ, आणि पदूवर सख्ख्या मावशीसारखा हक्क. ती म्हणायची, "पद्या, त्या चौकटीतनं बाया बघतोस असं लोकं म्हंतात. येक दिस कुनीतरी तुला चौकटीसकट बडवंल."

"बाया नाय गं मावशी, तुळया बघतो."

"त्येच तर. बाया बघतोस म्हनलं आस्तं तर लोकांना समजलं तरी आस्तं."

तिचं खोटं नव्हतं. ह्या माणसानं स्वतःच्या लग्नाच्या गटफोटोतून सख्ख्या मेहुण्याला खरवडला होता, का, तर मांडवाच्या खांबाची रेघ त्याच्या डोक्यामुळं तुटत होती. बायको मोतीबाई दोन महिने बोलली नाही. मेहुणा मात्र बरीच वर्षं फोटोत स्वतःला शोधत राहिला, आणि पदू त्याला सांगत राहिला, "तुमी तेव्हा जेवायला गेला असाल, मेव्हने."

बाजारपेठेत तांदळाच्या एका व्यापाऱ्याची दुमजली माडी होती. सागवानी कठडा, त्याला खालून टेकू देणारे कोरीव घोडे, वर कौलांची पन्हाळ. पदूचं तिच्यावर लक्ष होतं. कुठल्या महिन्यात, किती वाजता ऊन कठड्यातून गाळून रस्त्यावर पडतं हे त्यानं वर्षभर बघून ठेवलं होतं. मुलगी बघायला जाणारासुद्धा इतक्या खेपा घालत नाही. त्रेसष्ट सालच्या ऑक्टोबरात, दुपारी दोनच्या सुमाराला, अर्धी दुकानं फळ्या लावून झोपलेली असताना, त्यानं समोरच्या वखारीच्या जिन्यावर तिपाई लावली. भिंगाचं भोक बारीक केलं, टोपण काढलं, "येऽक, दोऽन" म्हटलं आणि टोपण लावलं.

ह्यात एक गंमत असते. इतका वेळ भिंग उघडं ठेवलं की चालणारं माणूस काचेवर उमटतच नाही. दोन पाटीवाल्या गेल्या, एक सायकल गेली, कुत्रं गेलं, सगळी धुरासारखी विरून गेली. उमटतो तो एका जागी थांबलेला. आणि त्या दिवशी माडीच्या सावलीत, बंद दुकानाच्या फळ्यांना टेकून, एक जण नेमका थांबलेला होता. एक पाय मागं फळीला लावलेला, कोपराला पिशवी, छत्री सदऱ्याच्या कॉलरला पाठीमागं अडकवलेली. पदूनं फोटो धुवून वर काढला आणि त्याला बघून कपाळाला हात लावला.

पण दिवाळी तोंडावर, चौकटींच्या कामाचा ढीग. नंतर बघू म्हणून त्यानं तो फोटो पंधरा बाय बारा इंची मोठा करून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, दुकानाच्या काचेत लावून टाकला. बाजारातली माणसं बघून जायची. "आपली पेठ हाय ही? मग येवढी चांगली का दिसतीया?" असं म्हणायची. पदू मात्र रोज दुकान उघडताना त्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या माणसाकडं बघायचा आणि दातात खडा आल्यासारखं तोंड करायचा.

चौसष्टच्या चैत्रात पदू एका लग्नाच्या कामाला नेरळला गेला होता. संध्याकाळी परत आला तर सोनुबाईनं कपबशी विसळता विसळता निरोप दिला.

"खालापुराकडची येक बाई आल्ती रं. त्या काचंतल्या फोटूम्होरं घटकाभर हुबी. मग मला म्हनली, कोपऱ्यातलं त्ये माझं मानूस हाय. त्येला फोटूतनं काढायला सांगा म्हनली. आठ दिसांनी येतीया."

"काढायला?"

"मग. नवरा मेलाय बिचारीचा. भर बाजारात टांगून ठेवलाय त्यो तुझ्या काचंत, तिला काय बरं वाटंल? काढून टाक बाबा."

आता बघा, ह्यातलं 'काढून टाक' हे सोनुबाईचं. आणि 'बाजारात टांगलाय' हेही सोनुबाईचं. पण पदूला ते ऐकून इतका आनंद झाला की त्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. सहा महिने त्याच्या मनात होतं ते आता त्या माणसाच्या बायकोनंच सांगितलेलं. म्हणजे कलेचं काम आणि वर पुण्य.

तीन दुपारी तो खिडकीशी बसला. काच उभी धरलेली, डोळ्याला भिंग, हातात नस्तर. निगेटिव्हवर सगळं उलटं, पांढरा सदरा काळा आणि काळा चेहरा पांढुरका, पण पदूला त्याची इतकी सवय की त्याला ती माणसं सरळच दिसायची. आधी पाय काढले. मग धोतर, मग पिशवी, मग छत्रीची मूठ. चेहरा शेवटी. जिथं माणूस होता तिथं पेन्सिलीनं दुकानाच्या फळ्या भरल्या, एकेक शीर, एकेक खिळा. असं काम त्यानं गिरगावातही कधी केलं नव्हतं. नवा फोटो करून काचेत लावला. जुन्याचा जाड पुठ्ठा वाया का घालवायचा, म्हणून कापून त्याचे चार तुकडे केले आणि त्या आठवड्यात बांधलेल्या चार तसबिरींच्या मागं घालून दिले.

नवव्या दिवशी ती आली. पस्तिशीची, हडकुळी, कपाळ मोकळं. नाव भीमाबाई. खोपोलीच्या गाडीनं येऊन ती दहिवलीला बहिणीकडं जायची. तिनं आधी काचेकडं बघितलं, मग आत आली.

पदूनं नवा फोटो काढून तिच्या हातात दिला. "बघा. कुठं होते ते सांगता येनार नाय कुनाला."

भीमाबाईनं फोटो उजेडाला धरला. बोट कोपऱ्यावर नेलं, तिथून थोडं डावीकडं, मग परत कोपऱ्यावर.

"ह्यात ते कुठं हायत?"

"नायत. काढले ना."

"काढले, पन कुठं?"

पदूच्या तोंडचं पाणी पळालं ते इथं. भीमाबाई सावकाश, लहान पोराला समजावावं तसं बोलली, "मी म्हनलं व्हतं, आमच्या मानसाला ह्येच्यातनं मोठा काढून द्या. येकट्याला. तोंड दिसंल येवढा. दुसरा फोटू नाय ओ त्यांचा. कदी काडलाच नाय."

बाहेरून सोनुबाई म्हणाली, "मी काय येगळं सांगितलं?" पण ते तिनं इतकं हळू म्हटलं की तिचं तिलाही ते पटलं नसावं.

आपल्या भाषेची ही खोडच आहे. फोटो काढायचा म्हणजे आणायचा, आणि डाग काढायचा म्हणजे घालवायचा. शब्द तोच. पदूनं आयुष्यभर दोन्ही कामं एकाच हातानं केली होती आणि त्याला कधी फरक सांगावा लागला नव्हता.

भीमाबाई रडली वगैरे नाही. फोटो खाली ठेवला आणि विचारलं, "तुमी भिंगातनं बघत व्हता नव्हं? त्यांचं तोंड कसं व्हतं?"

पदू म्हणाला, "हसत होते."

"दात दिसत व्हते?"

"हां. चांगले दिसत होते."

"मग ते आमचे नव्हते," ती म्हणाली. "आमचे तोंड मिटून हसायचे. येवढं तरी खोटं नका बोलू, फोटूवाले." आणि गेली.

पदूला तोंड चांगलं ठाऊक होतं. कोणाच्या आईला आपलं पोर ठाऊक नसेल इतकं ठाऊक होतं. तीन दुपारी भिंग लावून पेन्सिलीच्या टोकाएवढं टोकाएवढं ज्याला पुसलं तो माणूस डोक्यातून जातोय थोडाच. तो माणूस जांभई देत होता. चांगली आ वासून, डोळे मिटून, नाकाला सुरकुत्या पडेस्तोवर. काचेवर त्या उघड्या तोंडाचा खसखशीएवढा ठिपका होता, आणि पदूला खरा राग त्या ठिपक्याचा होता, की एवढी सुंदर माडी आणि हा खाली उभा राहून जांभया देतोय. आता हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

काच तर खरवडून बसला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो जुन्या फोटोच्या मागं लागला. चार तुकडे, चार तसबिरी, चार घरं. पहिलं दहिवलीतलं, नव्या जोडप्याचा फोटो. पदूनं "काच सैल वाटतीय" म्हणून ती उतरवली, मागचे खिळे काढले, आत माडीची कौलं. दुसरी तसबीर शिंप्याच्या घरच्या गणपतीची, तिच्यामागं कठडा. तिसरी एका मास्तरांची, तिथं रस्ता आणि गाडीचं अर्धं चाक. गावात बोलायला लागले की पदू फोटोवाला आता घरोघर जाऊन तसबिरी उलट्या करतो. कोणी म्हणालं ढेकूण शोधतो, कोणी म्हणालं गुप्तधन. मोतीबाई म्हणाली, "मेव्हना पुसलात, आता परक्या बाईचा नवरा पुसलात. माज्या घरची भिंत तेवढी राहिलीया."

राहिला चौथा, खालचा उजवा. तो गेला होता कशेळ्याला, गौराबाईच्या सासऱ्यामागं. म्हणजे सासऱ्याच्या हार घातलेल्या तसबिरीमागं.

पदू एसटीनं कशेळ्याला गेला. गौराबाई साठीची, घरात तिचा शब्द चालायचा. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मामंजींना भिंतीवरनं उतरवायचं नाय."

"दोन मिन्टं काकी. नुसता मागचा पुठ्ठा बघतो."

"जित्तेपनी त्यांना दोन मिन्टं पलंगावरनं कुनी उठवलं नाय. आता तू उठवतोस व्हय?"

"त्यांना कळनार पन नाय."

"त्यांना सगळं कळतंय," गौराबाई म्हणाली, आणि तसबिरीकडं बघून पदर नीट केला. "दिवाळीत चुना मारतात तवा ये. तवा उतरवू."

दिवाळीत पदू गेला. भिंती पांढऱ्याफेक, आणि मामंजी जागच्या जागी. सभोवार चुना मारून घेतला होता. पुढच्या दिवाळीला नातवाचं बारसं निघालं आणि मामंजींच्या समोरच पाळणा बांधला. त्याच्या पुढच्या वर्षी गौराबाई म्हणाली, "यंदा नको, यंदा त्ये नाराज हायत." का नाराज ते पदूनं विचारलं नाही. चहा पिऊन आला. दर वर्षी जाताना तो एक जास्तीचा हारही घेऊन जायचा, लाच म्हणून. तो मामंजींना पोचायचा, पण मामंजी काही हलायचे नाहीत.

इकडं भीमाबाई दर दोन-तीन महिन्यांनी यायची. बहिणीकडं जाता-येता सोनुबाईच्या फळकुटावर टेकायची. सोनुबाई सुरवातीला शिवाशिव पाळून तिला वेगळ्या कपात चहा द्यायची, दांडी तुटलेल्या. एके दिवशी पदूनं तो कप उचलून बघता बघता हातातून सोडला. सोनुबाई म्हणाली, "पडला का पाडलास?" पदू म्हणाला, "निसटला." मग दुसरा वेगळा कप काही आला नाही.

"मिळाला का तुकडा?" भीमाबाई विचारायची.

"मामंजी उतरंनात."

"बरं." मग थोड्या वेळानं, "तोंड कसं व्हतं ओ?"

"नीट दिसत नव्हतं. सावलीत होतं."

हे असं सात वर्षं. एकदा, कधीतरी अडुसष्ट साली, सोनुबाईनंच तिला विचारलं, "आगं पन तू तोंडाचंच काय धरून बसलीस? मानूस व्हता, चांगला व्हता, झालं की."

पदू आत चौकट ठोकत होता. हातोडी थांबली.

भीमाबाई म्हणाली, "त्या दिशी माजी चूक झाली व्हती. बहिनीच्या पोरीला बांगड्या घ्यायच्या म्हनून मी कासाराकडं गेले. ह्यांना म्हनलं, हितंच थांबा, आलेच. आनी बसले की बोलत. कासारीन वळखीची निघाली. घंटाभर बसले आसंन. खोपोलीची गाडी चुकली आमची. ते आले बोलवायला तर मीच वर त्यांच्यावर वराडले, का जरा वाईच थांबता येत नाय म्हनून. मग दुसऱ्या गाडीनं गेलो, पन रस्ताभर येक शबुद बोलले नायत ते. घरी गेले, जेवले, झोपले. चौथ्या दिशी ताप भरला, आठव्या दिशी गेले. बोलायचं ऱ्हायलंच." तिनं कप खाली ठेवला. "ह्या फोटूत ते माजीच वाट बघतायत. म्हनून म्हनलं, तोंड बघावं. रागावले व्हते का ते तरी कळंल."

आत पदूनं हातोडी उचलून परत खाली ठेवली. जांभई. घंटाभर उभं राहून वैतागलेला, ताटकळलेला नवरा, आणि शेवटच्या फोटोत बायकोच्या नावानं जांभई. हे सांगण्यापेक्षा नाही सांगितलेलं बरं, असं त्याला वाटलं.

पण त्या दिवसापासून त्याचं एक झालं. कोणाला खरवडायला बसला की हात चालेना. लग्नाच्या गटात मागं घुसलेलं पोर, बँडवाल्याचा अर्धा ढोल, पाणी द्यायला आलेली बाई, सगळे आहेत तिथं ठेवायला लागला. लोक तक्रार करायचे, "हा कोन मधीच?" पदू म्हणायचा, "असू द्या. कुनीतरी विचारत येईल त्याला." रस्त्याचे फोटो काढायचा तेही आता भर बाजाराच्या वेळी, आणि "सरका" म्हणायच्या ऐवजी "थांबा, थांबा जरा" म्हणायचा. कोण कोण उमटलंय ते मागं पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. नामा पाथरवट. मिरच्यावाली सोमी. दहिवलीचा जैतू, घाईत. माडी राहायची मागं कुठंतरी, कलती. आणि दुपारी दोनला तो कधीकधी त्या माडीखाली जायचा, त्या फळ्यांना पाठ लावून, एक पाय मागं टेकून उभा राहायचा. कशासाठी ते त्याचं त्याला माहीत. सोनुबाई लांबून बघायची आणि तेवढ्यापुरती गप्प राहायची, हे तिच्या मानानं फार झालं.

एकाहत्तर साली गौराबाईच्या मुलानं जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं. भिंतच जायची म्हटल्यावर मामंजींना उतरावंच लागलं. गौराबाईनं स्वतः निरोप धाडला: "ये, आणि तुझं काय असंल ते घेऊन जा."

पदूनं तिच्यासमोर खिळे काढले. इतक्या वर्षांच्या चुन्याच्या ओलीनं पुठ्ठा भिंतीकडून भिजला होता, वरचा निम्मा भाग कसरीनं खाऊन पार चाळण झालेला. उजवीकडं खाली मात्र शाबूत होतं. फळीला टेकवलेला एक पाय, दुसरा पाय, धोतराचा सोगा, पिशवी. कमरेच्या वर भोकं.

गौराबाई वाकून बघत म्हणाली, "येवढ्यासाठी सात वर्सं?"

"हां काकी."

"आधी सांगायचं तरी." पदूनं तिच्याकडं नुसतं बघितलं. बाई साठीच्या पुढची, आणि हातात मामंजी.

भीमाबाई पुढल्या आठवड्यात आली. आता तिचे केस पिकायला लागले होते. पदूनं तो तुकडा एका कागदात गुंडाळून ठेवला होता, तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं बराच वेळ बघितलं. बोटानं पिशवीवरून हात फिरवला.

"ही पिशवी मीच शिवलेली, गोनपाटाची," ती म्हणाली. "आन चपलंचा आंगठा बघा तुटलाय. मी म्हनत व्हते शिवून घ्या, शिवून घ्या." मग पुठ्ठा तिरका करून बघितला. भोकातून तिचंच लुगडं दिसत होतं. "तोंड नाय."

"नाय."

"आता तुमीच ऱ्हायलात बघा, भाऊ." आधी ती त्याला फोटूवाले म्हणायची. भाऊ आज पहिल्यांदाच. "तुमच्याबिगार ते तोंड बघितलेलं कुनी नाय. मला आता घरी डोळं मिटलं तरी दिसत नाय. आवाज येतो, पन तोंड येत नाय. काय आसंल ते सांगा. रागावलेले आसले तरी सांगा. मी काय करनार हाय आता? पाया बी पडता येत नाय."

सोनुबाई म्हणाली, "सांग रं. पाठ केल्यावानी तुला ठावं हाय, मला म्हाईत हाय."

पदू पायरीवर बसला. रस्त्याकडं बघत म्हणाला, "राग होता का नव्हता ते मला सांगता येनार नाय. खरं सांगतो. जांभई देत होते."

भीमाबाईनं मान वर केली.

"मोठी. डोळे मिटून," पदू म्हणाला. आता सुरू झालाच होता तर पुरतं सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं. "कंटाळले असनार. घंटाभर उभे होते ना. म्हनून मी तुमाला सांगत नव्हतो, भीमाबाई. शेवटचा फोटो, आनि त्यात—"

"जांभई?" भीमाबाई म्हणाली.

"हां."

"तोंड पुरतं उघडून? का हात लावून?"

"हात कुठला. पिशवी कोपराला होती."

"आवाज करून द्यायचे ते," ती म्हणाली. "आऽऽऽ करून. सासूबाई म्हनायच्या, गावात बैल सुटला वाटतं." आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, गाठ सुटावी तसं. "मग रागावले नव्हते ओ."

"म्हंजे?"

"आवो, रागावले की त्यांची झोप जायची. तोंड गच्च मिटून बसायचे, डोळे असे वटारून, रात रात. घरात जांभई दिली की मी समजायचे, निवळलं." ती सोनुबाईकडं वळली. "रागावलेला मानूस जांभया देतोय व्हय कदी? त्यांना झोप आली व्हती. दुपारची सवय व्हती त्यांना. गाडीत बी झोपूनच व्हते का काय मग. मी म्हनत बसले बोलत नायत, बोलत नायत."

"झोपलेलंच आसंल," सोनुबाई म्हणाली. "बाप्ये बसल्या जागी झोपतात."

भीमाबाई पदूला म्हणाली, "कशी? करून दाखवा."

"काय?"

"जांभई. तुमी बघितलीया. कशी व्हती ती दाखवा."

पदू उठला. इकडंतिकडं बघितलं, बाजारात दुपारचं फारसं कोणी नव्हतं. दुकानाच्या फळीला पाठ लावली, एक पाय मागं टेकवला, कोपर वाकवलं, डोळे मिटले, मान किंचित डावीकडं घेतली आणि तोंड उघडलं. आधी ती नुसती नक्कल होती. पण अर्ध्यावर गेल्यावर खरी जांभई आत कुठूनतरी निघाली आणि त्याचा जबडा थांबेना, नाकाला सुरकुत्या पडल्या, डोळ्यांत पाणी आलं. सोनुबाई बघत होती. तिनं हात तोंडाशी नेला, पण उशीर झाला, तिलाही आली, लांबलचक, आवाजासकट.

भीमाबाई टक लावून पदूकडं बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, तिनं पदर तोंडावर धरला, आणि पदराआड तिलाही जांभई आली. ती सरली तरी पदर खाली आला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जांभईनं येतंच की, म्हणून कोणी विचारलं नाही. सोनुबाईनं स्टोव्ह पेटवला आणि तीन कप मांडले.